फिलाडेल्फिया ते कन्हेरसर

भोसरीत मी कामगार मुलांना संध्याकाळच्या वर्गात इतिहास शिकवते. बहुतेक जण चाकण, तळवडे, भोसरीच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट वर्गात येतात; पायात सेफ्टी शूज तसेच असतात.

अमेरिकन क्रांतीचा धडा आला की मी ओळखीच्या नावापासून सुरुवात करते: ईस्ट इंडिया कंपनी. 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो याच कंपनीचा. 1781 मध्ये अमेरिकेत यॉर्कटाऊनला हरलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. एवढं ऐकलं की दमलेली मुलंही सावरून बसतात.

मग थॉमस पेन येतो. इंग्लंडमधल्या कारागिराचा हा मुलगा 1774 मध्ये अमेरिकेत पोचला. जानेवारी 1776 मध्ये त्याची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निघाली. केवळ जन्माच्या जोरावर कुणी राज्य का करावं, हा प्रश्न त्याने साध्यासुध्या माणसाला कळेल अशा भाषेत विचारला. त्याच वर्षी 4 जुलैला फिलाडेल्फियात तेरा वसाहतींचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, असं त्यात लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर मात्र गुलाम राबत होते. गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा मसुद्यातला भाग तर वगळूनच टाकला गेला.

"म्हणजे ते फक्त पर्मनंटवाल्यांचं स्वातंत्र्य होतं का, मॅडम?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला. कंत्राटी कामगार आणि गुलाम यांना एका मापाने मोजता येत नाही, हेही सांगितलं. पण जाहीरनामा वाचताना बाहेर कोण राहिलं ते बघायचं, ही नजर त्या मुलाकडे आधीच होती.

जोतीराव फुल्यांकडे तीच नजर होती. पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' त्यांनी तरुणपणी वाचलं होतं. 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि कारणही दिलं: त्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. त्याच वर्षी सत्यशोधक समाज उभा राहिला. त्यातलेच नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं. 1884 पासून अर्ज, सभा, पाठपुरावा चालला. एप्रिल 1890 मधल्या सभेला सुमारे 10,000 कामगार जमले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे घराणं मूळचं कन्हेरसरचं, तालुका खेड. चाकणही खेड तालुक्यातच. हे ऐकून मुलं एकमेकांकडे बघतात. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते. त्या सुट्टीमागे कुणाचे अर्ज आहेत, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

स्वातंत्र्याचा विचार मोठ्यांनी मांडला आणि सगळ्यांना आपोआप मिळाला, असं कुठेच घडलेलं नाही. ज्यांना वगळलं गेलं, त्यांनी तो उचलून धरला आणि स्वतःसाठी मागितला. माझ्या मुलांना हे कळायलाच हवं, कारण पुढचे अर्ज त्यांनाच लिहायचे आहेत.