बिटांचें कपाट

सुतारकामाचा छंद जडलेल्या मनुष्यास लांकडापेक्षां अधिक त्रास कशाचा होत असेल, तर तो त्याच्या स्वतःच्या हत्यारांचा. आमचें हें मत वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण संग्रामपुरांतील आमच्या पडवींत ते गेल्या वर्षाच्या आरंभीं आले असते, तर त्यांस तें पटलें असतें. तेथें बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि त्यांत आमच्या विजेच्या राउटरचीं सारीं बिटें एकमेकांच्या उरावर बसून राहत असत.

राउटर हें यंत्र आतां खेड्यांतील सुतारांच्याही हातीं आलें आहे. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारें एक लहानसें पातें. तें बदललें कीं काम बदलतें. एका बिटानें खांच पडते, दुसऱ्यानें कड गोल होते, तिसऱ्यानें गलता उतरतो. आमच्या वडिलांजवळ यांतील एकेका कामास एकेक निराळा रंधा होता. ते सुतार, बलुत्याचे अखेरचे दिवस त्यांनीं पाहिले. आम्ही मास्तरकी पत्करली आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या विद्येकडे वळलों. त्यांचे रंधे, पटाश्या, किकरे एका तरटांत गुंडाळलेले असत, आणि अंधारांतही हवें तें हत्यार त्यांच्या हातास लागे. ते गेल्यावर आम्हीं तें तरट उलगडलें, तेव्हां कोणतें पातें कोणत्या रंध्याचें हें सांगणारें घरांत कोणी उरलें नव्हतें. त्यांची व्यवस्था चोख होती. पण ती त्यांच्याबरोबर गेली.

हा धडा आम्ही विसरलों. गेल्या चैत्रांत आमचा पुतण्या एका चौकटीस गलता मारीत होता. त्यानें डब्यांत हात घालून एक बिट उचललें, आंवळलें आणि यंत्र सुरू केलें. बिटाचा दांडा ६ मिलिमीटरचा. यंत्रांतील चिमटी मात्र पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण यंत्रास बरोबर कळतो. बिट हळूहळू खालीं सरकलें, लांकडांत खोल शिरलें आणि यंत्र हातांत उसळलें. चौकट गेली; बोटें वांचलीं. पोरगा पांढराफटक पडून उभा होता. दोष त्याचा नव्हता. डबा आमचा होता.

त्याच रात्रीं आम्हीं कागदावर एका सुंदर कपाटाचा नकाशा काढला व सकाळीं शेजारच्या मिस्तरींना दाखविला. त्यांनीं तो उलटा धरूनच परत दिला. ते म्हणाले, "गुरुजी, कपाट मांगून बनवा. पयले समदे बिट जमिनीवर मांडा."

आम्हीं जाजमावर बिटें मांडलीं, ३१ भरलीं. तेव्हां कळलें कीं, दांडा ६ मिलिमीटरचा असला तरी डोकें ४० चें असूं शकतें. म्हणून भोकांमधील अंतर डोक्याच्या मापानें ठेवावें लागतें, शिवाय बोटें शिरण्यापुरती जागा हवी. या पात्यांची धार टंगस्टन कार्बाइडची. पोलादाहून कठीण, पण कांचेसारखी ठिसूळ. एकमेकांवर आपटलीं कीं टवका उडालाच. डब्यांतील निम्म्या बिटांची धार अशीच गेलेली निघाली.

उत्तरेस सातपुड्यांत साग उभा आहे. पण तें अंबाबरवा अभयारण्य, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग. आमचें लांकूड आलें तें एका पडलेल्या जुन्या घराच्या तुळयांतून. वैशाखांत पारा चाळिशीच्या वर असतांना आम्हीं खण बसविले, आणि भोकें नेमक्या ६ मिलिमीटरचीं पाडलीं. हेतु हा कीं, पाव इंचाचें बिट त्यांत जाऊंच नये. या युक्तीवर आम्ही फार खूष होतों. श्रावणांत दमट हवा आली. साग सर्व लांकडांत शांत खरा, पण तोही थोडा फुगतोच. भोकांनीं बिटें अशीं धरलीं कीं तीं पकडीनें उपटावीं लागलीं. दांड्यांवर तांबही चढला.

मग भोकें अर्धा मिलिमीटर मोठीं केलीं, दांड्यांस तेलाचा हात दिला आणि चुकीस आळा घालण्याचें काम खणांवर सोंपविलें. प्रत्येक मापास एक खण. त्यांतच त्या मापाची चिमटी आणि तिचा पाना. प्रत्येक भोकाशेजारीं त्या बिटानें कापलेला लांकडाचा तुकडा चिकटविला. म्हणजे नांव ठाऊक नसलें तरी नक्षी दिसावी.

अमेरिकेंत हेन्री स्टडली (१८३८–१९२५) नांवाचा पियानोचा कारागीर होऊन गेला. त्यानें भिंतीवर टांगण्याच्या एका पेटींत शेंकडों हत्यारें बसविलीं. तिचीं छायाचित्रें पाहून डोळे दिपतात. पण आम्हांस त्यांत मोठी वाटते ती गोष्ट निराळीच. प्रत्येक हत्याराची जागा त्याच्याच आकाराची आहे, त्यामुळें मालक गेल्यावरही परक्या माणसास काय कोठें ठेवावयाचें हें समजतें.

आमच्या कपाटांत सात भोकें रिकामीं आहेत. "अहो, ही कशाला?" असें घरांतून विचारणें झालें. पुतण्या आणील त्या बिटांसाठीं, असें आम्हीं सांगितलें. सर्वांत खालच्या खणांत वडिलांचे रंधे आहेत. मिस्तरींनीं बहुतेक पातीं ओळखून दिलीं. दोन पातीं मात्र अजून एकटींच पडून आहेत.

खंडेनवमीस पुतण्यानें सारीं हत्यारें पाटावर मांडलीं, हळदकुंकू वाहिलें आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं परत लावलीं. आम्ही ओसरीवर बसलों होतों. कोणतें कोठें, हें विचारण्यास त्यानें एकदांही हांक मारली नाहीं. आम्हीं त्या हांकेची थोडी वाट पाहिली, हें कबूल केलें पाहिजे. तिन्हीसांजेला जाऊन खण उघडून पाहिले; सर्व बिटें आपापल्या जागीं होतीं.