अवचितगडावरील अक्षरे

रायगड जिल्ह्याच्या सहलीचा एक छापील आराखडा मुंबईच्या कोणा प्रवासी कंपनीने माझ्या भाच्याच्या हाती दिला होता. त्यातील एका ओळीचा सल अजून माझ्या मनातून गेलेला नाही. अलिबागचा समुद्रकिनारा, मुरूडचा जंजिरा, रायगडाचा रोपवे, कोलाडचे राफ्टिंग अशी यथाक्रम नोंद करून झाल्यावर पेणच्या नावापुढे ‘न्याहारीसाठी अर्धा तास’ एवढाच शेरा होता, आणि रोह्याचा तर नामनिर्देशही नव्हता. ज्या मुलखाने भूदानाच्या प्रणेत्याला जन्म दिला, ज्याच्या अंगणात रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर वाढला, आणि साता समुद्रापलीकडच्या मराठी घरांत भाद्रपदात बसणारा गणपती जेथे घडतो, तो मुलूख बटाटेवड्यापुरता जमेस धरला जावा याचे मला वाईट वाटले. आणि भाच्यालाही त्यात काही वावगे दिसले नाही याचे त्याहून अधिक वाईट वाटले. “मामा, पेणला बघायचं काय? आपलं घरच आहे तिथे,” असे तो अगदी सहज म्हणाला.

भाचा जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. पूर्वी आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता त्याने ते प्राचीन नगर एका दिवसात आम्हांस पायी हिंडून दाखविले होते. टेकडीवरील सम्राटांचा किल्ला, आल्ब्रेख्त ड्यूरर हा चित्रकार 1509 पासून 1528 साली मृत्यू येईपर्यंत ज्या घरात राहिला ते घर, सेबाल्ड आणि लॉरेन्झ या संतांची दोन भव्य देवळे, आणि बाजारचौकातील शिखराच्या आकाराचे सोनेरी कारंजे, अशी ती फेरी होती. आणि प्रत्येक स्थळी काय पाहावे, कोठे उभे राहून पाहावे, हे सांगणारी पाटी होती. पुढे मला कळले, की त्या कारंज्याचे मूळ चौदाव्या शतकातील पाषाण संग्रहालयात सुरक्षित असून चौकात उभी आहे ती प्रतिकृती. आणि 2 जानेवारी 1945 च्या बाँबवर्षावात जुने नगर बहुतांशी जमीनदोस्त होऊन नंतर ते नव्याने उभारलेले आहे. ते ऐकून त्या वेळी माझा विरस झाला होता. नक्कलच पाहावयाची तर सातासमुद्रापलीकडे येण्याचे प्रयोजन काय, असे मी भाच्याला तेथल्या तेथे बोलूनही दाखविले होते.

तर ती कागदावरची ओळ वाचून झाल्यावर, “एक दिवस माझ्या हवाली कर, तुझ्या न्यूरेंबर्गच्या दिवसाला तो उणा ठरणार नाही,” असे मी त्याला सांगितले आणि नाताळच्या सुट्टीतील एका पहाटे भाचा, सूनबाई आणि त्यांची शाळकरी मुलगी यांना घेऊन पेणहून निघालो. वडखळ, नागोठणे मागे पडले. नागोठण्याचा अंबा नदीवरचा सोळाव्या शतकातील दगडी पूल अर्धवट धुक्यातच पाहिला. आणि उजाडता उजाडता रोह्याजवळच्या मेढा गावी पोहोचून आम्ही अवचितगडाची वाट धरली. वाट दाट झाडीतून जाते आणि दुर्ग अगदी जवळ येईपर्यंत दृष्टीस पडत नाही. माथ्यावर पाण्याच्या सात टाक्यांचा समूह आहे, बारा कोनांचा एक बांधीव तलाव आहे, महादेवाचे स्थान आहे; खाली कुंडलिकेचे पात्र आणि चोहोबाजूंस डोंगरांच्या रांगा दिसतात. परंतु मला पाहुण्यांना दाखवावयाचा होता तो दक्षिणेकडील बुरुजावरचा देवनागरी शिलालेख. पूर्वी ज्या ज्या वेळी मी तो पाहिला होता त्या त्या वेळी शेवाळाने, ऊनपावसाने आणि माझ्या क्षीण दृष्टीमुळे ‘श्री गणेशाय नमः’ आणि शकाचा आकडा यांपलीकडे मला काही लागले नव्हते.

आम्ही बुरुजाशी पोहोचलो तेव्हा तेथे चारपाच तरुण आधीच आलेले होते आणि त्यांच्यातील एकजण गुडघे टेकून, शाळेतला पांढरा खडू आडवा धरून, त्या अक्षरांवर घासत होता. खडूचा तुकडा दगडावर करकरत होता आणि भुकटी खाली झरत होती. दुसरा मोबाईल धरून सज्ज होता. माझा संताप अनावर झाला. मी काय बोललो ते सारे येथे लिहिण्यासारखे नाही. परंतु त्या मुलांनी, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, एकही उणा शब्द काढला नाही. “काका, अक्षरं दिसतच नव्हती हो. खडूच आहे, पावसात धुऊन जाईल,” एवढेच तो खडूवाला मुलगा म्हणाला. त्याच्या पाठीवर एक गोणी होती आणि तीत गडावर इतरांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या त्याने वेचून भरलेल्या होत्या. अशा मुलावर मी ओरडत होतो.

तरीही माझा मुद्दा मी सोडला नाही आणि आजही सोडीत नाही. खडू पावसात जातो हे खरे; परंतु कोकणच्या पावसाने आधीच झिजविलेल्या दगडावर दर वेळी होणारे घर्षण जात नाही, ते साचत राहते. आणि दगडाची झीज हा त्यातला लहान अपराध होय. मोठा अपराध असा, की खडू हाती घेणारा इसम त्या क्षणी वाचक राहत नाही, तो लेखक होतो. जेथे रेघ संशयित आहे तेथे तो आपल्या तर्काने रेघ ओढतो, काना संपविण्याऐवजी वेलांटी चढवितो, खवल्याला अनुस्वार करतो. मागाहून येणाऱ्याला दिसतो तो त्याचा तर्क, आणि त्याचेच छायाचित्र शेकडो लोकांपर्यंत जाऊन तो तर्कच शिलालेख होऊन बसतो. दस्तऐवजात कोणी अशी खाडाखोड केली तर कचेरी तो दस्तऐवज ग्राह्य धरीत नाही. दगडाच्या दस्तऐवजाला मात्र कोणी वाली नाही. ज्यांचे हे काम आहे ते लोक ओला कागद दगडावर थोपटून शाईने ठसा घेतात, तोही अनुमतीने. आपणांसारख्यांना सोपा उपाय म्हणजे तिरपे ऊन. सूर्य डोक्यावर असता जी अक्षरे मेलेली भासतात ती सकाळसंध्याकाळच्या आडव्या किरणांत आपोआप उठून दिसतात, आणि ऊन पोहोचत नसेल तेथे हातआरशाने ते पाडता येते. हे सर्व मी त्या मुलांना उभ्या उभ्या सांगितले, आणि ती ऐकून घेत राहिली.

आणि सांगता सांगता माझी दृष्टी त्या खडूच्या अक्षरांवर गेली आणि ती सर्व मला वाचता आली. प्रथम गणेशाला नमन, मग शके 1718, मग नळनाम संवत्सर, आणि मग तिथी: चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे गुढीपाडवा. तर्काने चढविलेल्या रेघांचा संशय माझ्या मनात ताजाच होता, म्हणून मी पडताळा पाहिला. शकात 12 मिळवून 60 ने भागिले असता जी बाकी राहते ती संवत्सराचा क्रमांक देते, हा पंचांगकर्त्यांचा जुना ठोकताळा. भाच्याच्या मुलीने तेथेच हिशेब केला: 1730 ला 60 ने भागून बाकी 50, आणि साठ संवत्सरांच्या चक्रात नळ हे पन्नासावे आहे. आकडा आणि नाव जुळले. मुलगी टाळ्या पिटू लागली, तो खडूवाला मुलगाही हसला, आणि माझ्या अंगावर अक्षरशः रोमांच उभे राहिले.

शके 1718 चा पाडवा म्हणजे इसवी सन 1796 चा एप्रिल. त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात सवाई माधवरावाचा अंत झालेला होता, आणि चिमाजी आप्पाला पेशवाईची वस्त्रे मिळावयास अजून अवकाश होता. पुण्याची मसनद त्या पाडव्याला रिकामी होती. मुत्सद्दी एकमेकांविरुद्ध कारस्थाने रचण्यात गढलेले होते. आणि इकडे कोकणातल्या एका रानातील दुर्गावर कोणी पाथरवट गणेशाला नमन करून शुभमुहूर्त दगडात कोरीत होता. पुरत्या 22 वर्षांत, 1818 साली, हा सारा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली गेला. राज्य कशाने टिकते आणि कशाने जाते यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्या बुरुजापाशी इतकेच वाटले, की काम करणारा त्या पाडव्यालाही कामावर हजर होता.

आता माझी अडचण अशी, की ज्या खडूचा मी धिक्कार केला त्याच्याविना हे मला वाचता आले नसते. याचे समाधानकारक उत्तर मजपाशी नाही. परतताना मात्र न्यूरेंबर्गच्या चौकातील ते नकली कारंजे मला निराळ्या रीतीने आठवले, आणि त्या वेळचा माझा विरस मला आता पटेनासा झाला आहे. मूळ वस्तू सुरक्षित ठेवून तिची हुबेहूब प्रतिकृती लोकांच्या हाताशी ठेवणे यात फसवणूक नाही, सौजन्य आहे. असे भाच्याला म्हणताच तो म्हणाला, “मामा, तेव्हा तर तुम्ही उलट म्हणाला होतात.” म्हणालो होतो खरा.

गडाने दिवसाचा मोठा हिस्सा घेतला, म्हणून रोहे शहर घाईतच झाले. ग्रामदैवत धावीर महाराजांचे दर्शन घेतले; दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते, हा मान किती देवस्थानांच्या वाट्याला येतो? स्वाध्याय परिवाराचे संस्थापक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920 साली याच गावी झाला. चिंतामणराव देशमुखांचे बालपणही रोह्यातले. 1912 साली मॅट्रिकला पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा मुलगा पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर झाला, देशाचा अर्थमंत्री झाला, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून मोकळा झाला. मेघदूताचा मराठी अनुवादही त्याने केला. कुंडलिकेच्या काठी उभे राहून हे सांगत असता सूनबाईंनी, उन्हाळ्यातही या नदीला पाणी कसे, असे विचारले. ते पाणी सह्याद्रीपलीकडचे आहे. मुळशीच्या धरणातून येऊन भिऱ्याच्या वीजगृहात 1927 पासून वीज उत्पन्न करून ते कुंडलिकेत उतरते, आणि कोलाडला लोक ज्यावर होड्या घालून आनंद करतात तेही हेच. ज्या मावळातील गावे त्याखाली बुडाली त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला होता, हे होडीत बसणाऱ्याला कोणी सांगत नाही. सांगावयास हवे.

दुपारी वाटेत एका स्नेह्याच्या शेतावर पोपटी लागली होती. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वाफविलेल्या वालाच्या शेंगांपुढे कोणाचेच इतिहासाकडे लक्ष नव्हते. पुढे पेण-खोपोली रस्ता सोडून आत गागोद्याला गेलो. भूदानाचे प्रणेते विनायक नरहर भावे 11 सप्टेंबर 1895 रोजी येथे जन्मले. तेथील शांतता शब्दांत पकडण्याचा यत्न मी करीत नाही. उन्हे कलू लागली होती आणि आम्हांस पेण गाठावयाचे होते.

पेणला माघी गणपतींची लगबग चालू होती. एका कारखान्यात पांढऱ्याफेक मूर्तींच्या रांगा उभ्या होत्या आणि कोपऱ्यात एक वृद्ध कारागीर डोळ्यांची आखणी करीत बसले होते. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास रोखून, त्यांनी बारीक कुंचल्याने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली, मग खालची, आणि मग बुबुळ. तोवर जी माती होती ती आमच्याकडे पाहू लागली. भाच्याची मुलगी मूर्तीसमोरून हलेना. तिचा बाप याच गावात वाढला आणि त्याने हे कधी उभे राहून पाहिले नव्हते, असे तो मला रात्री जेवताना म्हणाला.

माझे मागणे एकच आहे. मेढ्याच्या पायथ्याशी, जेथून गडाची वाट सुरू होते तेथे, त्या शिलालेखाची दगडी प्रतिकृती आणि शेजारी त्याचे अधिकृत वाचन ज्यांच्या अखत्यारीत असेल त्यांनी उभे करावे. खर्च फार नाही आणि वर्गणी लागली तर मी देईन. आणि वाचकहो, दिवा-रोहा गाडी पेणलाही थांबते आणि रोह्यालाही. एक दिवस काढून या, अवचितगडाला सकाळचे तिरपे ऊन साधा, आणि सोबत खडूऐवजी हातआरसा आणा.