बेरीज बरोबर, क्लेम चुकीचे

पहिली चूक कोड लिहिण्याआधी, अंदाज देतानाच झाली. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात आरोग्य विम्याचं काम आलं होतं. क्लेमचा हिशोब करणारा स्कालातला कोड जावात आणायचा होता. मार्टिन ओडर्स्की यांच्या २००४ सालच्या स्कालात फंक्शनल मांडणी आहे तशी ऑब्जेक्टही आहेत, शिवाय ती जावाच्याच जेव्हीएमवर चालते. मग अवघड ते काय, असं मानून मी ओळी मोजल्या आणि तारीख कळवून टाकली.

सगळ्यात महाग पडला तो एक सॉर्ट. वर्षाचं डिडक्टिबल १०,००० रुपये असेल, तर तेवढा खर्च आधी विमाधारकाने सोसायचा, क्लेमच्या तारखेच्या क्रमाने. ४,०००, ९,००० आणि २०,००० असे क्लेम आले, तर कंपनी शून्य, ३,००० आणि २०,००० देते. स्कालाची नेहमीची यादी एकदा तयार झाली की बदलत नाही. सॉर्ट केली की नवीच यादी मिळते. मी तिच्या जागी जावाची अ‍ॅरेलिस्ट ठेवली. रिपोर्टमध्ये मोठी रक्कम वर यावी म्हणून लिहिलेला सॉर्ट मूळ यादीचाच क्रम बदलत होता आणि तीच यादी पुढे डिडक्टिबलच्या हिशोबाला जात होती. आता २०,०००च्या क्लेमवर १०,०००च मंजूर होत होते, उरलेले दोन क्लेम पूर्ण.

बेरीज दोन्हीकडे २३,०००. माझ्या चाचण्या फक्त बेरीज ताडत होत्या, म्हणून सगळ्या पास झाल्या. एकेक क्लेम जुन्या कोडशी लावून पाहिला तो आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीने. "सर, यादी मधातच कोणीतरी बदलून राहिलं," ती म्हणाली. मी तिला डेटा तपासायला लावलं. डेटात नसलेली चूक ती शोधत राहिली. शेवटी खापरीहून मेट्रोने सीताबर्डीला जाताना मला माझीच ती सॉर्टची ओळ आठवली. तिचं म्हणणं तेव्हाच ऐकून घेतलं नाही, हे मला कोडमधल्या चुकीपेक्षा जास्त लागतं. जावा १० पासून असलेलं लिस्ट.कॉपीऑफ वापरलं असतं, तर प्रोग्रॅम त्या ओळीवरच एरर देऊन थांबला असता.

मांडणीतही चुकलोच. मूळ कोडमध्ये एक हिशोब एका फंक्शनमध्ये होता. मी तो फोडून क्लेमच्या प्रत्येक प्रकाराच्या क्लासमध्ये वाटला. प्रकार वाढणार असते तर ते चाललं असतं. ग्राहक मात्र नवे हिशोब मागत गेला आणि दर वेळी सगळे क्लास उघडावे लागले. फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये या पेचाला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं होतं. आमच्याकडे जावा २१ होती. सील्ड इंटरफेस आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग वापरून मूळ मांडणी राखता आली असती.

असं काम घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तारीख कळवण्याआधी मूळ कोडमध्ये काय बदलू दिलेलं नाही ते शोधा, आणि जुन्या-नव्याची एकेक नोंद जुळवा.