पांढर की चोपण?

प्रवरेच्या काठाने जुन्या वस्त्यांच्या जागा शोधायच्या, असं आम्ही दोघा मित्रांनी ठरवलं. जोर्वे आणि दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगीन गावं याच नदीवरची. मधल्या पट्ट्यात आणखी काही असेल, असं मनात होतं.

सुरुवात गूगल अर्थवर केली. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती राखेमुळे फिकट असते आणि काळ्या रानात वरून उठून दिसते. फिकट दिसेल तिथे खूण केली आणि मोटारसायकल काढली. बरीचशी ठिकाणं चोपण निघाली. उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन क्षार वर आलेले. काही ठिकाणी वीटभट्ट्या होत्या. दिवसभर उन्हात फिरून हाती काही नाही. फार हिरमोड झाला.

मग मे महिन्यातलीच चित्रं घ्यायला लागलो. तेव्हा रानं नांगरून मोकळी असतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. एसआरटीएमच्या उंचीच्या नकाशात तर ठिपका ३० मीटरचा. दीड-दोन मीटरचं टेकाड त्यात हरवून जातं. त्यावर वेळ घालवू नका.

खरा उपयोग झाला तो अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांच्या फिल्मचा. १९६० ते १९७२ या काळातली ही कृष्णधवल छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यात सपाटीकरणाआधीचं रान दिसतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आजच्या चित्रावर बसवली. तेव्हा नदीच्या वळणाशी एक फिकट गोल डाग होता, आज तिथे ऊस आहे. भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांशी ताडून बघताना एक सांभाळा. ते एव्हरेस्ट मापनावर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. हा फरक सॉफ्टवेअरमध्ये नोंदवला नाही, तर जागा शंभरेक मीटर सरकते. म्हणजे भलत्याच्याच शेतात उभे राहाल.

त्या डागाच्या जागी गेलो. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्यांना विचारलं, "बाबा, इथं पांढर होती का?"

"व्हती की. टेकाडच व्हतं. माती समदी रानात वाहिली, पिकाला चांगली म्हणून."

त्यांना दोष कसा द्यायचा? पण ऐकून पोटात कालवलं.

बांधाच्या मातीत खापरं होती. लालसर, वर काळ्या रेघा, आपटली की खणखणीत वाजणारी. जोर्वे पद्धतीचीच वाटली, पण ठरवायचं काम जाणकारांचं. आम्ही काही उचललं नाही, उकरलं नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, अक्षांश-रेखांश लिहिले आणि दोन्ही काळांच्या चित्रांसह पुरातत्त्व विभागाला पाठवले.

कुणीही ठिकाण विचारलं तर सांगत नाही. गुप्तधनाच्या आशेने रात्री खोदणारे लोक आहेत, आणि तिथे आता उरलंय तेच थोडं आहे.