पहाटेचे पाणी

यवतमाळ जिल्हा म्हटला की उन्हाळाच डोळ्यांसमोर उभा राहतो. मे महिन्यातील झळांपुढे पौष-माघातील पहाटेची गोष्ट सहसा कोणी काढत नाही. परंतु त्या दिवसांत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की न्हाणीघरातील पाणी हाताला बोचू लागते. एके काळी दारव्हा, दिग्रस, वणी, पांढरकवडा येथील व्यापारी घरांत तांब्याचा बंब पेटवण्यापासून दिवस सुरू होई. कापसाची वेचणी संपल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्या इंधनाला येत. बंबातील कढत पाण्यात विसण घालून प्रत्येक जण ते आपल्या अंगाला सोसेल असे करून घेई. तापमान बोटांनीच ठरत असे.

बंबाची जागा गिझरने घेतली. त्यासाठी पहाटे कोणीतरी उठण्याची गरज मात्र संपली नाही. यवतमाळच्या एका एकत्र कुटुंबात सासऱ्यांची आंघोळ पाच वाजता असे, म्हणून सूनबाई साडेचारला केवळ बटण दाबण्यासाठी उठत. थकवा असला की त्या गिझर रात्रभर चालू ठेवत. महिनाअखेरीस विजेचे बिल आले आणि घरात त्याची चर्चा झाली. त्यानंतर सासूबाई गार पाण्याने आंघोळ करू लागल्या. कोणी विचारलेच तर म्हणत, "मला गारच बरं वाटतं." रोजमेळातील दोन रुपयांचा फरक रात्री उशिरापर्यंत शोधणाऱ्या मुलाला आईच्या या वाक्यातील तफावत बरेच दिवस दिसली नाही. थंडी वाढून तिची बोटे वाकेनाशी झाली, तेव्हा ती दिसली.

मग त्याने दुकानाच्या सवयीने हिशेब मांडला. टाकी २५ लिटरची, कॉइल २ किलोवॅटची. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १.१६ युनिट वीज आणि ३५ मिनिटे लागतात. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते, म्हणजे २० लिटरच्या अडीच बादल्या. आईच्या एका बादलीचा खर्च अर्ध्या युनिटाहूनही कमी निघाला. बिल वाढले होते ते वापराविना रात्रभर तापत राहिलेल्या टाकीमुळे. टाकीच्या भिंतींतून उष्णता निसटते, थर्मोस्टॅट पुन्हा वीज ओढतो आणि हे चक्र पहाटेपर्यंत चालते. थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला की पाणी लवकर तापते, ही समजूतही त्या रात्री गळून पडली. कॉइल त्याच गतीने तापवते; आकडा फक्त कोठे थांबायचे ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी टाइमर बसला. पहिली वेळ ४.२० ते ५, दुसरी ६.१५ ते ६.५०. एवढ्या भारासाठी १६ अँपिअरचेच सॉकेट हवे, हे वायरमनने बजावले. चकतीचा टाइमर वीज गेली की थांबतो आणि तितकाच मागे पडतो, म्हणून वीज जाऊन आल्यावर त्याची वेळ पाहून घ्यावी लागते. थर्मोस्टॅट ६० अंशांवरच ठेवला, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढू शकतात. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून घरात नवा नियम आला: बादलीत आधी गार, मग गरम. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या प्रत्येक घराने तो पाळावा असा आहे.

याच कुटुंबातील लेक इंग्लंडमध्ये राहते. तेथे कॉम्बी बॉयलर नावाचे एकच यंत्र खोल्याही उबदार ठेवते आणि नळ उघडताच पाणीही तापवते. साठवणीची टाकी नसते. रेडिएटरकडे जाणारे पाणी बेताचे गरम ठेवले, तर परतणारे पाणी पुरेसे गार येते. त्यामुळे धुरातील वाफेचे पाणी होऊन तिची उष्णताही कामी येते आणि गॅस वाचतो. तेथे हिवाळ्यात घर किमान १८ अंश असावे, असा आरोग्य खात्याचा सल्ला असतो. तरीही बिलाच्या भीतीने खोली थंड ठेवून शाल गुंडाळून बसणारे वृद्ध तेथेही आहेत. देश बदलला तरी वडीलधाऱ्यांचा संकोच तोच राहतो.

काटकसर हा व्यापारी घराचा जुना गुण आहे. पण तिचा भार घरातील सर्वांत अबोल माणसावर पडत असेल, तर ती काटकसर राहत नाही; ती खात्यात न लिहिलेली उधारी होते. ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते, त्याच्या गरजेवरून यंत्राची वेळ आणि आकडा ठरावा. आणि कोणाला थंडी वाजते हे कळण्यासाठी "गारच बरं वाटतं" या शब्दांवर न थांबता त्यांचा हात हातात घेऊन पाहावा.