झाकली माती

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्या मुठीत काय होते, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. मला अलीकडे वाटू लागले आहे, की तिच्यात माती असावी. निदान आमच्या डोंगरउतारावर तरी झाकलेली माती सव्वा लाखाची ठरते. उघडी राहिली, तर पावसाच्या चार महिन्यांत ती समुद्राच्या नावे जमा होते.

आमचे गाव चिपळूण तालुक्यात. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकून घेतो. खाली खाचरांत भात आणि वर उतारावर वरकस. वरकस म्हणजे जमिनींच्या घरातली सावत्र मुलगी. नाचणी, वरी पिकवील तेवढी पिकवील, अशी तिच्याविषयीची अपेक्षा. पण मृगाच्या आधी तिच्या अंगावरचे गवत, पालापाचोळा सारे काढून, नांगरून, ढेकळे फोडून तिला स्वच्छ करायचे, ही रीत मात्र कुणी चुकवीत नसे. अंगण सारवावे, तसे शेत लख्ख दिसले पाहिजे. ज्याचे शेत लख्ख, तो कष्टाळू!

आणि मग पाऊस येतो. पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठनऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीचे कण त्या माराने फुटतात, बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात, पाणी आत मुरेनासे होते आणि उताराने धावताना माती सोबत घेऊन जाते. लहानपणी वहाळाला पहिले लाल पाणी आले, की आम्ही पोरे ते पाहायला धावत असू. केवढा आनंद व्हायचा! ती लाली कुणाच्या तरी शेताची आहे, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्या पुराला कारणे अनेक होती. पण नंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले, तेव्हा काठावरचे गाळाचे ढीग पाहून माझ्या मनात आले, की यात आमच्याही वरकसाची चार पाट्या माती असेल. डोंगरावर जी आमची होती, ती शहरात जाऊन गाळ झाली.

तीन वर्षांपूर्वी आमची बैलजोडी विकावी लागली. बैल राखायला माणूस नाही. तरणीताठी मुले मुंबईला. धाकट्या भावाने फोनवर सांगून टाकले, “दादा, तो वीस गुंठ्यांचा तुकडा आता विकून टाक. बंगलेवाले विचारतायत.” मी म्हटले, बैल नाहीत, तर नांगरावाचून काही पिकते का, ते पाहू आणि मग ठरवू.

नांगरावाचून शेती ही माझी अक्कल नव्हे. जपानात शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका नावाच्या गृहस्थाने रोपतपासणीची नोकरी सोडून असे शेत वर्षानुवर्षे पिकवले आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पिकाचा पेंढा तो त्याच शेतावर पसरून टाकी. मात्र आरंभी वडिलांची संत्र्याची बाग त्याने नुसती निसर्गावर सोडली, तेव्हा ती झाडे मेली होती. न नांगरणे निराळे आणि हात झटकून बसणे निराळे, हे तो त्यातून शिकला. आपल्याकडे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी ‘सगुणा राइस तंत्र’ रुजवले. गादीवाफे एकदाच करायचे; पुढे नांगरणी, चिखलणी, लावणी काही नाही. कापलेल्या पिकाची मुळे जमिनीतच राहू द्यायची. तणासाठी ते तणनाशक वापरतात. आम्ही विळ्यावर भागवले.

आम्ही नाचणीची कणसे खुडून धाटे तशीच उभी ठेवली. गवत कापून जागीच पसरले. ऐन, किंजळ, गिरिपुष्प यांचा पाला तीनचार बोटे जाडीने अंथरला. पाऊस लागल्यावर पाला वीतभर बाजूला सारायचा, काठीने भोक पाडायचे आणि रोप लावायचे.

चुलते, आमचे आबा, बांधावर उभे राहून हे पाहत होते. म्हणाले, “मास्तर, शेताला गोधडी घातलीस! ताप आलाय काय त्याला?”

आबांची थट्टा पोकळ नव्हती. पाल्याखाली वाळवी येते, गोगलगाई येतात. थर फार जाड झाला, तर ओलीत रोप कुजते. पेंढा अंथरावा, तर गुरांनी खावे काय? जुनी माणसे पाला-शेण जाळून दाढ भाजत, तेही वेडेपणाने नव्हे. त्याने तणाचे बी मरे आणि राखेचे खत मिळे. पण जाळलेला पाला पुन्हा पांघरायला मिळत नाही. पहिल्या वर्षी नाचणी कमीच आली. दुसऱ्या वर्षी पूर्वीइतकी झाली, आणि मागून टाकलेला कुळीथ पाल्याखालच्या ओलीवर बरा तगला.

मी रोज वर्गात शिरताच आधी फळा पुसतो. नवा धडा कोऱ्या फळ्यावर लिहावा लागतो. जमिनीचे तसे नाही. गेल्या सालची मुळे कुजली, की त्यांच्या नळ्या राहतात. त्यांतून पाणी उतरते, गांडुळे हिंडतात. जुना धडा न पुसता नवा त्याच्या आधाराने लिहायचा, ही तिची शाळा.

पण हे आबांना सांगायला जीभ रेटत नाही. पन्नास वर्षे त्यांनी त्या उतारावर नांगर धरला. त्यावर आम्ही वाढलो, मी शिकलो. ‘नांगर लागतच नव्हता,’ असे आज त्यांच्या तोंडावर म्हणणे म्हणजे त्यांच्या घामाचा हिशेब चुकला म्हणण्यासारखे आहे. तो चुकला नव्हता. खालची चिखलाची खाचरे वेगळी, उताराची जात वेगळी, एवढेच.

यंदा जुलैत भर पावसात आबा इरले घेऊन वर गेले. आमच्या तुकड्यातून येणाऱ्या पाण्यात त्यांनी ओंजळ घातली. पाणी गढूळ होते, लाल नव्हते. शेजारच्या पाटात लाल होते. ते काही बोलले नाहीत.

भावाला मी अजून उत्तर दिलेले नाही. या दिवाळीला तो येईल, तेव्हा त्याला वर नेईन म्हणतो. नाचणी खुडून झाली आहे. परवा आबांनी माळ्यावरचा नांगर खाली काढला, पुसला, फाळाला तेल लावले आणि पुन्हा माळ्यावर ठेवला. उतरताना म्हणाले, “धाटं उपटू नका रे कुणी. राहू द्या तशीच.”