आमचे दादा

दादांना जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. धाकटी बहीण कधीची मागे लागली होती, "ताई, दादांवर लिही ना काहीतरी." म्हटलं, लिहून टाकावं. ज्या पतवंडांनी त्यांना पाहिलंच नाही, त्यांना निदान कळेल तरी.

दादांची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. गिरणीत लागताना कुणीतरी १९२५ साल लिहिलं, तेच कायम झालं. "मी आईच्या पोटी नाही, कागदावर जन्मलो," असं म्हणून स्वतःच हसायचे. गाव संगमेश्वर तालुक्यातलं. शेती थोडी, खाणारी तोंडं फार. सोळाव्या-सतराव्या वर्षी जयगडहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. आधी बदली कामगार, मग साळखात्यात कायम.

साळखात्यात मागांचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कानावर पडत नसे. माणसं खुणांनी नि ओठांच्या हालचालींवरून बोलत. दादांचे कान त्या आवाजातच मंदावले, पण खुणांची भाषा त्यांनी घरी आणली. पाहुणे आले की लांबूनच आईला विचारायचे, साखर आहे का? आई तशीच खुणेने सांगायची, नाही! मग दादा पाहुण्यांना गोष्टी सांगून गुंतवून ठेवत, आणि आम्ही शेजारून वाटी भरून आणायचो.

गणपतीत मात्र रजा मिळो न मिळो, गाव गाठायचेच. पायात चाळ बांधून जाखडीला उभे राहिले की वयाचं भान नसे. आमचा पक्ष तुऱ्याचा. शक्तीवाल्यांनी गाण्यातून प्रश्न टाकायचा, तुरेवाल्यांनी गाण्यातूनच उत्तर द्यायचं. दादा उत्तरं जागच्या जागी जुळवायचे. आई कुरकुरायची, "पगार कापला जातोय नि ह्यांना नाच सुचतोय." पण तीच माजघराच्या दारात उभी राहून पहाट होईपर्यंत बघायची.

माझ्या बीएच्या फीसाठी त्यांनी महिनोन् महिने डबल पाळ्या केल्या. "मुलीला एवढं शिकवून काय करणार?" असं कुणी विचारलं, की कानावर हात ठेवून म्हणायचे, "ऐकू येत नाही हो!"

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत दादा एक. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. दादांना पुन्हा कामावर घेतलं नाही. मी तेव्हा शाळेत नोकरीला होते, सासर परळलाच. पैसे देऊ केले तर म्हणाले, "बाय, अजून हात आहेत मला." भल्या पहाटे भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून चाळीच्या तोंडाशी विकायला बसले. जाखडीच्या चालीवर मेथी-पालक ओरडायचे. बायका हसत हसत जुडी जास्तीची घेऊन जात.

आईने फार पुढे सांगितलं, की पहिल्या पाळीच्या वेळेला ते कित्येक महिने अंथरुणात नुसते उठून बसायचे. गिरणीचं हजेरीचं कार्ड उशीखाली असायचं. आम्हा मुलांना त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही.

नंतर ते गावी राहू लागले. मे महिन्यात सगळी नातवंडं त्यांच्याभोवती. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर मुलं गणपतीलाही यायला लागली. एकदा माझ्या मुलाने थेट विचारलं, "आजोबा, संपात तुम्ही हरलात ना?" मी त्याला दटावणार, तोच दादा म्हणाले, "हरलो ना! पण उत्तर सुचलं नाही म्हणून कुणी मधेच चाळ सोडतं काय रे?" आणि त्याला अंगणात नेऊन पावलं शिकवायला लागले.

२००३ च्या पावसाळ्यात दादा गेले. ती नातवंडं आता चाळिशीपुढची. लग्नकार्यात लाऊडस्पीकर लागला की मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाला अजून खुणांनी बोलतात. सुनांना वाटतं, ही काय घरातली गंमत आहे. गंमतच आहे, पण ती साळखात्यातून आली आहे.

असो. तुमच्याकडेही दादांची एखादी आठवण असेल, तर मला जरूर कळवा.